आधी आमचं ऐका : कलम २१ आणि न्यायालयं

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोललो तसाच लिहून काढला आहे. तारखा तेवढ्या नंतर पुस्तकांत पुन्हा पाहून घेतल्या.)



समितीनं मला विषय दिला आहे, ‘संविधानातील हक्क आणि न्यायालये’. मी म्हटलं, अहो, यासाठी एखादा वकील बोलवा. तर अध्यक्ष म्हणाले, वकील वर्षभर भेटतातच, आज तुम्ही बोला. आता मी सूतगिरणीत रिंग खात्यावर उभा राहणारा माणूस. नववी नापास. माझं जे काही शिक्षण झालं ते गिरणीच्या गेटवर, युनियनच्या खोलीत आणि या विहारातल्या त्या कोपऱ्यातल्या कपाटापुढं. त्या कपाटात संविधानाची मराठी प्रत आहे आणि बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा १३ वा खंड आहे. तो खंड इंग्रजीत आहे. रात्रपाळी सुटल्यावर शब्दकोश मांडीवर घेऊन मी तो वाचला. एका पानाला कधी कधी आठवडा लागला. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या आणि नंतर कान धरून सांगा.

संविधानातले सगळे हक्क घेऊन बसलो तर दोन पाळ्या पुरायच्या नाहीत. म्हणून मी एकच कलम घेतो, २१ वं. आणि त्यातलाही एकच शब्द घेतो, ‘कार्यपद्धती’.

हे कलम दोन ओळींचं आहे. त्याचा अर्थ साध्या बोलीत असा, की कुणाचाही जीव किंवा त्याचं स्वातंत्र्य सरकारला हिरावून घेता येणार नाही. घ्यायचंच असेल तर कायद्यानं ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीनंच घ्यावं लागेल. वाचताना किती चांगलं वाटतं. पण मंडळी, सगळं पाणी मुरतं ते त्या ‘कार्यपद्धती’ शब्दात. कार्यपद्धती म्हणजे काय? कागद पुरा झाला म्हणजे झालं? की त्या कागदात न्यायही असायला हवा? गेली पंचाहत्तर वर्षं आपल्या देशातली मोठी मोठी माणसं या एका प्रश्नावर भांडत आलेली आहेत. आणि आपल्या ओढ्याकाठच्या घरांचा प्रश्नसुद्धा शेवटी इथंच येऊन अडतो. त्याच्याकडं मी शेवटी येतो.

मला हा शब्द पुस्तकातून कळायच्या आधी अंगावरून कळला. १९९६ साल. मी कायम होऊन फार दिवस झाले नव्हते. रात्रपाळीला मशीनवर सूत तुटायला लागलं, मी जॉबरला सांगायला गेलो, आणि परत येतोय तर माझ्या नावावर लिहिलेलं, की कामगार जागेवर नव्हता, विचारल्यावर उद्धट बोलला. चार दिवसांनी चार्जशीट आली. इंग्रजीत. ऑफिसातला कारकून म्हणाला, इथं सही कर, मिळाल्याची आहे. मी केली. मग चौकशी लागली. एक साहेब बाहेरून आलेले, टेबलावर पंखा, समोर मी. सोबत एका कामगाराला घेऊ द्या म्हटलं, तर म्हणाले गरज नाही. ‘काही सांगायचंय का?’ असं विचारलं खरं, पण मी तोंड उघडायच्या आत त्यांचं लिहून झालं होतं. दहा मिनिटं लागली असतील. आठवड्यानं कामावरून काढल्याचं पत्र. त्या पत्रात एक वाक्य होतं ते मी आयुष्यात विसरणार नाही. चौकशीची संपूर्ण कार्यपद्धती पाळण्यात आलेली आहे, असं ते वाक्य.

आणि खरं सांगू का, ते खोटं नव्हतं. चार्जशीट दिली होती, सही होती, तारीख होती, चौकशी झाली होती. कागदात एक खोट नव्हती. फक्त माझं कुणी ऐकलं नव्हतं.

लेबर कोर्टात तीन वर्षं गेली. ही चौकशी न्यायाची झालेली नाही, असं कोर्टानं म्हटलं, मी परत कामावर लागलो, मधला निम्मा पगार बुडाला तो बुडाला. इथं वकील मंडळी असतील तर त्यांनी हरकत घेऊ नये म्हणून सांगतो, माझं ते प्रकरण कामगार कायद्यातलं होतं, कलम २१ मधलं नव्हतं. गिरणी खाजगी, आणि हे कलम मुख्यतः सरकारचा हात धरण्यासाठी आहे. पण प्रश्न तोच होता. ज्याच्या पोटावर पाय येणार त्याचं आधी ऐकून घ्यायचं की नाही?

आता घटना समितीकडं जाऊ. हे कलम तिथं आलं तेव्हा त्याचा नंबर १५ होता. सुरुवातीच्या मसुद्यात अमेरिकेच्या संविधानातले शब्द होते, ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’. त्याचा अर्थ असा, की कायदा केला एवढ्यानं भागत नाही. तो कायदा न्याय्य आहे का, हेही कोर्ट तपासू शकतं. मग घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव १९४७ साली अमेरिकेला जाऊन आले. तिथले न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी त्यांना सांगितलं, हे शब्द घेऊ नका, निवडून न आलेले न्यायाधीश निवडून आलेल्यांचे कायदे मोडत बसतील. आणि हे काही हवेतलं बोलणं नव्हतं. अमेरिकेतल्या कोर्टांनी याच शब्दांचा आधार घेऊन कामगारांच्या कामाचे तास कमी करणारे कायदे मोडून काढले होते. म्हणून मसुदा समितीनं जपानच्या संविधानातून शब्द घेतले, ‘कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती’.

डिसेंबर १९४८ मध्ये यावर घटना समितीत मोठी चर्चा झाली. क. मा. मुन्शींसारखे सभासद म्हणत होते, जुनेच शब्द ठेवा. १३ डिसेंबरला बाबासाहेब उत्तराला उभे राहिले. आपल्याला सवय अशी, की बाबासाहेब उभे राहिले म्हणजे समोरच्याला निरुत्तर करूनच बसणार. पण त्या दिवशी त्यांनी सरळ सांगितलं, की इथं दोन्ही बाजूंना धोका आहे. एका बाजूला कायदेमंडळ. त्यात एकाच पक्षाची माणसं गच्च भरली तर ती माणसांचे हक्क तुडवणारा कायदा करू शकतात. दुसऱ्या बाजूला कोर्टातले पाचसहा गृहस्थ. तेही शेवटी माणसंच, त्यांचेही पूर्वग्रह असतात, त्यांच्या हाती तरी सगळं कसं सोपवायचं? इकडे आड तिकडे विहीर. म्हणून निर्णय मी सभागृहावर सोडतो, असं म्हणून ते खाली बसले. आणि सभागृहानं ‘कार्यपद्धती’ हाच शब्द ठेवला.

मी हे पान वाचलं तेव्हा मला जरा धक्काच बसला. बाबासाहेबांना उत्तर माहीत नव्हतं असं मी म्हणत नाही. पण एवढा मोठा माणूस भर सभागृहात सांगतो की प्रश्न अवघड आहे, ही गोष्ट मला त्यांच्या दहा विजयी भाषणांपेक्षा मोठी वाटली.

ते गप्प बसले नाहीत मात्र. बाहेर लोक या कलमावर फार टीका करत होते. नऊ महिन्यांनी, १५ सप्टेंबर १९४९ ला, बाबासाहेबांनी १५-अ हे नवं कलम आणलं. आणताना कबूल केलं, की आधी जे निसटलं त्याची ही भरपाई आहे. तेच आजचं कलम २२. अटक केली तर कारण सांगा, वकील करू द्या, आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा. आज पोलीस ठाण्यात आपल्या पोराला बसवून ठेवलं की आपण ‘चोवीस तास झाले’ म्हणून ओरडतो ना, ते या भरपाईच्या जोरावर. आता त्याच कलम २२ मध्ये खटला न चालवता माणसाला स्थानबद्ध करण्याचीही वाट ठेवलेली आहे. आपल्या व्याख्यानांतून हा भाग बहुतेक गाळतात. गाळू नये. अपुरं सांगितलं की समोरचा वकील आपल्याला दोन मिनिटांत गप्प करतो.

संविधान लागू झालं आणि चार महिन्यांतच पहिली परीक्षा आली. मद्रासचे कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन तुरुंगात होते. त्यांना नव्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली अडकवून ठेवलं होतं. ते सुप्रीम कोर्टात गेले. म्हणाले, ही कार्यपद्धती न्यायाची नाही. १९ मे १९५० ला सहा न्यायमूर्तींनी निकाल दिला. त्या कायद्यातलं एक कलम, अटकेची कारणं कोर्टालाही दाखवू न देणारं, तेवढं रद्द केलं. पण बाकी बहुमतानं सांगितलं, की कायदा म्हणजे कायदेमंडळानं केलेला कायदा. त्यात कार्यपद्धती लिहिलेली आहे ना, ती पाळली ना, मग संपलं. ती बरी की वाईट हे आम्ही बघणार नाही. माझ्या चौकशीच्या साहेबांनी हा निकाल वाचला नसेल, पण त्यांचं वागणं अगदी त्याप्रमाणं होतं. एकटे न्यायमूर्ती फझल अली यांनी मूळ मुद्द्यालाच हात घातला आणि वेगळं लिहिलं. त्यांचं म्हणणं, की कार्यपद्धती म्हटली की त्यात नोटीस, बाजू मांडायची संधी आणि निःपक्षपाती न्यायाधीश हे आलंच पाहिजे. त्यांचं तेव्हा चाललं नाही.

मग पंचवीस वर्षं तोच अर्थ चालला. मधल्या काळातला एक निकाल फक्त नावापुरता सांगतो. २४ एप्रिल १९७३, केशवानंद भारती. तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. संसदेला घटनादुरुस्ती करता येईल, पण संविधानाचा मूळ ढाचा मोडता येणार नाही, असं ठरलं. त्याच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला पाहिजे, ते पुढच्या वर्षी कुणा जाणत्याला द्या.

आणीबाणी मात्र पुढच्या वर्षावर टाकता येत नाही. २५ जून १९७५ ला ती पुकारली. दोन दिवसांनी राष्ट्रपतींचा आदेश निघाला, की कलम २१ साठी कोर्टात जाता येणार नाही. हजारो माणसं आत होती. देशातल्या नऊ हायकोर्टांनी तरीही सांगितलं, की अटक कायद्याप्रमाणं झाली का एवढं आम्ही बघणारच. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. तिथं न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सरकारी वकिलाला विचारलं, या कलमात नुसतं स्वातंत्र्य नाही, जीवही आहे. समजा एखाद्या पोलीस अधिकाऱ्यानं वैयक्तिक दुष्मनीतून माणूस मारला तर? ॲटर्नी जनरल नीरेन डे यांनी उत्तर दिलं, की आणीबाणी चालू आहे तोवर त्यालाही कोर्टात इलाज नाही. २८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला. चार विरुद्ध एक. चौघांनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. त्या चौघांत आपल्या महाराष्ट्राचे यशवंतराव चंद्रचूड होते, पी. एन. भगवती होते, एम. एच. बेग होते. एकटे खन्ना विरोधात. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीश व्हायची पाळी ज्येष्ठतेनं खन्नांची होती. सरकारनं त्यांना डावलून बेग यांना नेमलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

संविधानाचं पुस्तक कपाटात होतं तसंच होतं बरं का. कलम २१ ची एक मात्रा बदललेली नव्हती. बाबासाहेबांना १९४८ साली कोर्टातल्या पाचसहा माणसांची जी भीती वाटली ती इथं उलट्या बाजूनं खरी झाली. त्यांना वाटलं होतं न्यायाधीश जास्त हात पसरतील. इथं त्यांनी हात खिशात घातले. पुढं १९७८ साली ४४ वी घटनादुरुस्ती झाली आणि आणीबाणीतसुद्धा कलम २१ बंद करता येणार नाही, असं लिहून टाकलं. त्या निकालाला सुप्रीम कोर्टानं स्वतः चूक म्हटलं ते मात्र थेट २४ ऑगस्ट २०१७ ला, नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठानं. ते लिहिणाऱ्यांत धनंजय चंद्रचूड होते, यशवंतरावांचे चिरंजीव. बापाचा निकाल लेकानं पुसला.

आता त्या ‘कार्यपद्धती’चा अर्थ बदलला कसा ते ऐका. आणीबाणी उठली, सरकार बदललं. जुलै १९७७ मध्ये नव्या सरकारनं मनेका गांधींचा पासपोर्ट जमा करायला सांगितला. का, म्हटलं तर सार्वजनिक हित. कारणं देणार नाही म्हणाले. म्हणजे कालपर्यंत ज्यांच्या घरची सत्ता होती त्यांच्याच सुनेवर ही पाळी. २५ जानेवारी १९७८ ला सात न्यायमूर्तींनी निकाल दिला, आणि गंमत बघा, बेग, चंद्रचूड, भगवती हे तिघंही त्या सातांत होते. कोर्ट म्हणालं, कार्यपद्धती नुसती कागदावर असून चालणार नाही. ती योग्य, न्याय्य आणि वाजवी पाहिजे, मनमानी नको. आणि ज्याच्याविरुद्ध कारवाई करायची त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. फझल अलींनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी एकट्यानं लिहिलेलं आता कोर्टाचं मत झालं. बाईंना पासपोर्ट लगेच परत द्या, असा हुकूम काही झाला नाही. तुमची बाजू ऐकून घेऊ, असं सरकारनं कबूल केलं एवढंच. पण जी फट पडली ती मोठी होती. भगवतींनी पुढं २०११ मध्ये आणीबाणीतल्या निकालाबद्दल जाहीरपणे चूक कबूल केली. चूक कळायला वेळ लागतो, पण तोवर आत असलेल्यांचं काय, हा प्रश्न मी त्यांना विचारला असता.

आणि आता आपल्या लोकांचं प्रकरण. एका श्रीमंत घरच्या पासपोर्टवरून निघालेली वाट मुंबईच्या फुटपाथपर्यंत कशी आली बघा.

जुलै १९८१. भर पावसाळा. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी जाहीर केलं, की मुंबईतले फुटपाथवासी उठवून आपापल्या गावाला पाठवून देणार. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी कोर्टात गेले. निकालपत्रात या अर्जदारांची माहिती दिलेली आहे, ती मी दोनदोनदा वाचली. एक जण तामिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर, दुष्काळानं १९६१ साली मुंबईला आलेला, दहिसरच्या केमिकल कंपनीत २३ रुपये रोजावर. फुटपाथवरच्या प्लास्टिकच्या छपरासाठी झोपडीदादानं त्याच्याकडून २५०० रुपये उकळलेले. २३ जुलैला त्याचं छप्पर मोडलं, बायकापोरांसकट सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको आणि मुली तिकडं राहिल्या, हा कामासाठी परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच आला. दुसरा आपल्या संगमनेरचा, चपला शिवणारा. दिवसाला सातआठ रुपये मिळायचे, गावातलं घर पडलं, १९६९ साली मुंबई गाठली. तिथं काय काम मिळालं? बदली कामगार. महिना ३५० रुपये. बदली म्हणजे काय हे इथल्या गिरणीवाल्यांना सांगायला नको. भोंगा झाला की गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी आला नाही तर आपल्याला काम, नाहीतर डबा घेऊन परत. मीही त्यातूनच आलो. देशातल्या सगळ्यांत मोठ्या कोर्टाच्या निकालात बदली कामगार हा शब्द बघून माझ्या अंगावर काटा आला.

सरकारपक्ष म्हणाला, हे लोक घुसखोर आहेत, त्यांचं ऐकून काय होणार? मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३१४ आहे, त्यात नोटीस न देता काढून टाकायची मुभा आहे. आणि यांनी हायकोर्टात लिहून दिलंय, की फुटपाथवर राहायचा आमचा मूलभूत हक्क नाही.

१० जुलै १९८५ ला पाच न्यायमूर्तींचा निकाल आला. लिहिणारे तेच यशवंतराव चंद्रचूड. त्यांनी म्हटलं, माणसाचं पोट भरायचं साधन काढून घेतलं म्हणजे त्याचा जीवच घेतल्यासारखं आहे. म्हणून उपजीविकेचा हक्क कलम २१ मधल्या जीवाच्या हक्कातच येतो. दुसरं म्हटलं, मूलभूत हक्क कुणी लिहून देऊन टाकू शकत नाही. संविधानाविरुद्ध तुमची सही चालत नाही. मायबहिणींनो, हे नीट ऐका. कुणी घाबरवून कागदावर अंगठा घेतला म्हणून तुमचा हक्क गेला असं समजू नका. तिसरं, त्या कलम ३१४ बद्दल. नोटीस न देता काढता येईल याचा अर्थ नोटीस देऊच नये असा नाही. अगदी तातडीचा प्रसंग सोडला तर नोटीस द्यायची आणि ऐकून घ्यायचं. आणि ऐकून काही फरक पडणार नाही असं अधिकाऱ्याला वाटत असलं तरी ऐकायचं, कारण ऐकून घेण्यातच माणसाची माणूस म्हणून किंमत आहे. माझ्या दहा मिनिटांच्या चौकशीचं उत्तर मला इथं सापडलं.

आता इथं टाळ्या वाजवून थांबायचं मोह होतो, आणि बरेच वक्ते थांबतातही. पण निकाल तेवढाच नाही. कोर्टानं पुढं म्हटलं, की फुटपाथ चालण्यासाठी असतात, तिथं घर बांधायचा हक्क कुणाला नाही. आयुक्तांनी जे ऐकलं नाही ते आम्ही इथं सविस्तर ऐकलं, तेव्हा आता पुन्हा सुनावणी नको. १९७६ च्या गणतीत ज्यांची नोंद झाली आणि ज्यांना ओळखपत्रं मिळाली त्यांना पर्यायी जागा द्या. पण बाकीच्यांना पर्यायी जागा मिळाल्याशिवाय उठवूच नका, असं म्हटलं नाही. पाऊस संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, थांबा, एवढंच. म्हणजे तत्त्व जिंकलं आणि फुटपाथ गेला. संगमनेरच्या त्या बदली कामगाराचं पुढं काय झालं ते निकालपत्रात नाही.

आणि मिळालेला अर्थ कायम टिकतो असंही नाही. फेब्रुवारी २००० मध्ये दिल्लीच्या कचऱ्याच्या खटल्यात त्याच सुप्रीम कोर्टानं लिहिलं, की सरकारी जागेवर घुसणाऱ्याला फुकट पर्यायी जागा देणं म्हणजे खिसेकापूला बक्षीस देण्यासारखं आहे. संविधान तेच आणि कलमही तेच. एका वेळी त्याच कोर्टाला आम्ही पोटासाठी आलेली माणसं दिसलो, दुसऱ्या वेळी खिसेकापू दिसलो. म्हणून मी पोरांना सांगतो, कोर्टाला देव्हाऱ्यात बसवू नका आणि शिव्याही देऊ नका. तिथं काय लिहिलं जातं ते वाचा, तारखेसकट वाचा.

तारखेवरून आठवलं. १३ नोव्हेंबर २०२४ ला बुलडोझरच्या कारवायांवर सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन. गवईसाहेब अमरावतीचे, आपल्या समाजातले. पुढं १४ मे २०२५ ला ते सरन्यायाधीश झाले तेव्हा आपण इथं खीर वाटली होती. त्या निकालात म्हटलंय, की सरकार स्वतःच न्यायाधीश होऊन कुणाचं घर पाडू शकत नाही. किमान पंधरा दिवसांची नोटीस, रजिस्टर पोस्टानं, शिवाय घरावर चिकटवून. मागच्या तारखेच्या नोटिसा काढतात म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाला लगेच ई-मेलनं कळवायचं. समक्ष सुनावणी, तिची लेखी नोंद, कारणं देऊन आदेश, आणि आदेशानंतरही पंधरा दिवस. पाडकामाचं चित्रीकरण. हे मोडलं तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई.

हा निकाल मोबाईलवर आला तेव्हा आपल्या ओढ्याकाठच्या पोरांनी मला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं होतं. अण्णा, जिंकलो म्हणाली. मी सगळा निकाल मागवून घेतला, महिला मंडळाच्या सेक्रेटरींच्या मुलीनं मला तो वाचून दाखवला, आणि एका ठिकाणी आम्ही दोघंही थांबलो. तिथं लिहिलंय, की हे नियम रस्ता, गल्ली, फुटपाथ, रेल्वेलाईनलगतची जागा, नदी किंवा पाणवठ्यालगतची जागा इथल्या विनापरवाना बांधकामांना लागू नाहीत. म्हणजे ज्याच्या घराला सातबारा आहे त्याला पंधरा दिवस; आणि ओढ्याकाठी ज्याचं छप्पर आहे त्याला या निकालातलं काही नाही. गवईसाहेबांबद्दलचा आदर बाजूला न ठेवता मी हे बोलतो. ही जागा मला खटकली.

आपल्या चाळीसेक घरांना गेल्या महिन्यात जी नोटीस आली, ती घरांवर लावलेली नव्हती, लाईटच्या खांबावर चिकटवलेली होती. आपल्याला ती मंगळवारी दिसली आणि तिच्यावरची तारीख आदल्या आठवड्याची. मुदत संपायला दोन दिवस. मी त्या कार्यालयात गेलो तर साहेब म्हणाले, कार्यपद्धती पाळलेली आहे. तोच शब्द, मंडळी. १९९६ च्या पत्रातला.

तेव्हा २०२४ चा निकाल आपल्या हाताशी नाही असं धरूनच आम्ही उत्तर लिहिलं. १९७८ आणि १९८५ च्या निकालांना असा अपवाद नाही. त्यात पाणवठा नाही, रेल्वेलाईन नाही. त्यात माणूस आहे. ओल्गा टेलिसचा खटला तर फुटपाथवरच्याच माणसांचा. आमचं उत्तर एवढंच आहे, की जागा कुणाची हा वाद नंतर बघू. आधी घरटी नोटीस द्या, आमचे कागद बघा आणि आमचं ऐका. त्यावर शिक्का मारून पोच घेतलेली आहे. सुनावणी येत्या गुरुवारी सकाळी अकराला ठेवलीय. ती ठेवली, हेच मी सध्या धरून चाललोय. निकाल आपल्यासारखा लागेल असं आश्वासन मी देत नाही, संगमनेरवाल्याचं मी आत्ताच सांगितलं.

ज्यांची घरं त्या यादीत आहेत त्यांनी जुनं रेशनकार्ड, लाईटबिल, मुलांचे शाळेचे दाखले, मतदार यादीतलं नाव, जे असेल ते मूळ आणि दोन झेरॉक्स घेऊन बुधवारी रात्री आठला इथं विहारात यावं. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, माझ्यासुद्धा. गुरुवारी मी पाळी बदलून घेतलेली आहे. बोलायचं मात्र ज्याचं घर त्यानं स्वतः, मी नुसता बाजूला उभा राहीन.

जयभीम.